घटस्फोटाचा हुकूमनामा हवा आहे? बडोद्यातील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या रावपुऱ्यातल्या कार्यालयात भाषांतरासाठी तऱ्हेतऱ्हेचे कागद येतात. त्यांत घटस्फोटाचे कागद सर्वांत हळू आवाजात पुढे केले जातात. कुणाच्या पिशवीत ते अगदी तळाशी असतात, कुणाच्या आईने वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेले असतात. यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही, हे आधीच सांगतो. तो न्यायालयाने दिलेला कागद आहे आणि तुमचा त्यावर हक्क आहे. तो मिळवताना तुमची एकही खेप वाया जाऊ नये म्हणून हे पत्रक काढले आहे. यातले बरेचसे काम तुम्ही स्वतः, आम्हाला एक रुपयाही न देता करू शकता.

नेमका कोणता कागद मागायचा

बहुतेक जण 'घटस्फोटाचे सर्टिफिकेट' मागतात. जन्ममृत्यूच्या दाखल्यासारखे असे सर्टिफिकेट महानगरपालिका देत नाही, विवाह नोंदणी कार्यालयही देत नाही. घटस्फोटाचा पुरावा म्हणजे न्यायालयाचे दोन कागद. एक निकालपत्र, गुजरातीत चुकादो. कोणी काय म्हटले, न्यायाधीशांना काय पटले आणि का, हे त्यात सविस्तर असते. दुसरा हुकूमनामा, गुजरातीत हुकमनामुं आणि सगळ्यांच्या तोंडी डिक्री. पक्षकार कोण, अर्ज कोणत्या कलमाखाली होता, विवाह कोणत्या तारखेच्या निकालाने संपुष्टात आला, एवढेच त्यात थोडक्यात असते. पुनर्विवाह, व्हिसा, बँक, मालमत्ता, कुठेही आधी डिक्री विचारतात. तरी अर्ज करताना दोन्ही मागा. मुलांचा ताबा किंवा पोटगीचा प्रश्न असेल तर निकालपत्रही लागते, आणि दुसऱ्यांदा खेप घालण्यापेक्षा चार पाने जास्त घेतलेली बरी.

अर्ज करण्याआधी एक फोन करा. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २३, पोटकलम ४ प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत न्यायालयाने दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची असते. ती प्रत बऱ्याचदा निघालेली असते आणि वकिलांच्या फायलीत पडून असते. तेव्हा आधी तुमच्या त्या वेळच्या वकिलांना विचारा. वकील हयात नसतील तर त्यांचे कार्यालय आता कोण पाहते याची चौकशी करा. जुन्या फायली कनिष्ठ वकिलांकडे सांभाळलेल्या असतात, असा आमचा अनुभव आहे.

आता कोणते कागद चालत नाहीत ते पाहू. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरीचा शिक्का घेतलेला 'छूटाछेडा' (गुजरातीत घटस्फोट) आमच्याकडे सर्वांत जास्त येतो. एक ताई असाच कागद घेऊन आल्या होत्या. दोन्हीकडच्या सह्या, साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का, सगळे जागच्या जागी. घटस्फोट झाला असे त्या मनापासून धरून चालल्या होत्या. परदेशात नोकरी लागली, वैवाहिक स्थितीचा पुरावा मागितला गेला, आणि न्यायालयात आपले प्रकरण कधी दाखलच झाले नव्हते हे त्यांना तेव्हा कळले. त्यांना सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागली. ज्या समाजांत पंचांसमोर काडीमोड घेण्याची रूढी आहे, तिथे हिंदू विवाह कायद्याचे कलम २९ त्या रूढीला मान्यता देते. पण ती रूढी खरोखर आहे, हे वेळ आल्यावर न्यायालयात सिद्ध करावे लागते. नुसत्या नोटरीच्या कागदाने ते होत नाही.

तसेच परस्पर संमतीच्या प्रकरणात पहिल्या वेळी दोघांचे म्हणणे नोंदवून पुढची मुदत दिली जाते. तो आदेश म्हणजे घटस्फोट नव्हे. समझोत्याचा करार, पोटगीचा आदेश किंवा न्यायिक विभक्तीचा हुकूमनामा यांनीही विवाह संपत नाही.

कोणत्या न्यायालयात जायचे

ज्या न्यायालयाने घटस्फोट दिला तिथेच. लग्न बडोद्यात झाले, दावा पुण्यात चालला, तर कागद पुण्यात. हा घोळ नेहमी होतो, कारण अर्ज लग्नाच्या ठिकाणी, दोघे शेवटी एकत्र राहिले त्या ठिकाणी किंवा समोरचा पक्ष राहतो तिथे करता येतो, आणि पत्नी अर्जदार असेल तर ती राहते तिथेही.

बडोद्यापुरते सांगायचे तर मोठ्या वयाचे ग्राहक अजूनही सूरसागरासमोरच्या न्यायमंदिराचे नाव घेतात. तिथला कारभार २०१८ मध्ये दिवाळीपुऱ्यातल्या नव्या संकुलात गेला. कुटुंब न्यायालये १९८४ च्या कायद्याने आली, आणि शहरात कुटुंब न्यायालय सुरू होण्यापूर्वीची प्रकरणे जिल्हा न्यायालयाच्या व्यवस्थेत चालली. त्यामुळे जुन्या निकालासाठी जिल्हा न्यायालयाच्या रेकॉर्ड शाखेत विचारावे लागते. डभोई, पादरा, करजण या बाजूचे प्रकरण असेल तर तालुक्याच्या न्यायालयापासून सुरुवात करा. छोटा उदेपूर २०१३ मध्ये वेगळा जिल्हा झाला, त्या भागासाठी तिकडेच चौकशी करावी.

क्वचित कुणी आजी-आजोबांच्या पिढीतला कागद शोधायला येतात, बहुधा वारसाच्या भांडणामुळे. त्या वेळी घटस्फोट होतच नव्हते, असे समजून शोध सोडू नका. बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांच्या काळी, १९३१ साली, हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. हिंदू विवाह कायद्याच्या २४ वर्षे आधी. बडोद्याचे मराठी म्हणून आम्हाला याचा अभिमान वाटतो. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा कागद कोणत्या काळातला आहे हे आधी ठरवा, मग शोध सुरू करा.

प्रकरणाचा क्रमांक हरवला असेल तर

सगळा शोध क्रमांक आणि साल यांवर अवलंबून आहे. जुन्या कागदांवर 'एच. एम. पी. नं.' (हिंदू मॅरेज पिटिशन) किंवा 'फॅमिली सूट नं.' असे लिहिलेले असते. घरी वकिलांची पावती, समन्स, पोटगीचे चलन, काहीही असले तरी त्यावर तो क्रमांक मिळू शकतो. अलीकडच्या प्रकरणांना १६ अक्षरे-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तो टाकला की प्रकरण थेट उघडते.

क्रमांक नसेल तर तिथे पक्षकाराच्या नावानेही शोधता येते. इथे आपल्या मराठी आडनावांची खरी अडचण होते. जाधव गुजराती कागदावर 'जादव' होतात, चव्हाण 'चौहाण' होतात, आणि इंग्रजी स्पेलिंग त्यावरूनच लिहिले जाते. स्त्रीच्या नावाला 'बेन' जोडले जाते, म्हणजे घरची सुनंदा न्यायालयाच्या नोंदीत 'सुनंदाबेन' असते. म्हणून एकाच स्पेलिंगने शोधून 'नोंद नाही' असे ठरवू नका. चार-पाच प्रकारे लिहून पाहा, माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही आडनावांनी पाहा, समोरच्या पक्षाच्या नावानेही पाहा. एका ग्राहकाची नोंद आम्हाला सहाव्या प्रयत्नात सापडली.

नोंद दिसली आणि आदेशाचा मजकूर उघडला नाही, तरी घाबरू नका. वैवाहिक प्रकरणांचा मजकूर प्रसिद्ध करण्यावर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ चे बंधन आहे. नकल, म्हणजे न्यायालयाने प्रमाणित केलेली प्रत, तुम्हाला न्यायालयातून मिळतेच. संकेतस्थळावरून काढलेली छापील प्रत मात्र प्रमाणित नकल म्हणून चालत नाही.

खूप जुने प्रकरण संगणकावर नसते. तेव्हा अर्जात दोन्ही पक्षांची पूर्ण नावे, निकालाचे अंदाजे साल आणि वकिलांचे नाव लिहून नोंदवहीतून शोध घेण्याची विनंती करावी लागते. 'दोन हजारच्या सुमाराला' असे न लिहिता लग्नपत्रिका, मुलाच्या शाळेचे दाखले, घरभाड्याचे कागद पाहून साल जितके जवळ आणता येईल तितके आणा. ठराविक मुदतीनंतर काही कागद नष्ट करण्याची तरतूद न्यायालयांच्या नियमांत असते. म्हणून आज गरज नसली तरी नकल काढून ठेवा.

नकलेचा अर्ज

अर्ज साधा असतो. प्रकरणाचा क्रमांक व साल, दोन्ही पक्षांची नावे, निकालाची तारीख, कोणत्या कागदाच्या किती नकला हव्यात आणि कशासाठी. सोबत ओळखपत्र आणि कोर्ट फीचे तिकीट. नकलेचे शुल्क पानांवर ठरते, तातडीची नकल हवी असेल तर जादा शुल्क पडते. रक्कम खिडकीवरच विचारा, पावती घ्या आणि जपून ठेवा. पक्षकाराला यासाठी वकील लावायलाच हवा असे नाही. तुम्ही परदेशात किंवा दुसऱ्या गावी असाल तर वकिलामार्फत किंवा रीतसर अधिकारपत्र दिलेल्या व्यक्तीमार्फत अर्ज करा.

नकल हातात आली की शेवटचे पान उलटून पाहा. अर्ज कधी आला, नकल कधी तयार झाली, कधी दिली, या तारखा तिथे असतात. 'खरी नकल' हा शेरा, सही आणि न्यायालयाचा गोल शिक्का आहे ना, हे खिडकी सोडण्यापूर्वी बघा. नावे आणि तारखाही तिथेच वाचून घ्या. चूक असेल तर ती न्यायालयातूनच दुरुस्त होते, भाषांतर करताना आम्ही ती सुधारू शकत नाही.

तुम्ही पक्षकार नसाल, उदाहरणार्थ स्थळ पाहताना समोरच्याचा घटस्फोट खरा आहे का हे पाहायचे असेल, तर कारण देऊन प्रतिज्ञापत्रासह अर्ज करावा लागतो आणि परवानगी द्यायची की नाही हे न्यायालय ठरवते. त्यापेक्षा त्या व्यक्तीलाच प्रमाणित नकल दाखवायला सांगणे सरळ आणि सभ्य आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर चालेल का, असे बरेच जण विचारतात. न्यायालयाच्या नियमांत नकल मिळण्याची वाट असताना माहितीच्या अधिकाराचा मार्ग वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे, आणि ते प्रकरण गुजरात उच्च न्यायालयाच्याच नियमांविषयी होते.

पुनर्विवाहाची घाई करू नका

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे अपिलाची मुदत संपल्यावर, किंवा अपील फेटाळले गेल्यावर, पुन्हा लग्न करता येते. कुटुंब न्यायालय कायद्यात ही मुदत ३० दिवस आहे, हिंदू विवाह कायद्यात ९० दिवस. मुहूर्त काढताना ९० दिवसच धरा आणि वकिलांना विचारा, विशेषतः निकाल एकतर्फी असेल तर. नकल मिळवण्यात गेलेला काळ अपिलाच्या मुदतीत धरला जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

भाषांतर आणि परदेश

इथला हुकूमनामा बहुधा गुजरातीत असतो. महाराष्ट्रात किंवा परदेशात तो लागला की भाषांतर हवे, आणि इथून आमचे काम सुरू होते. गुजराती कागदात नाव असे येते: 'सुनंदाबेन ते अमुकनी दीकरी अने तमुकनी पत्नी'. यातला 'ते' हा छोटा शब्द म्हणजेच ही व्यक्ती कोण याची ओळख. तो गाळला तर परदेशी अधिकाऱ्याला तीन वेगळी माणसे वाटतात. पासपोर्टवरचे नाव आणि हुकूमनाम्यातले नाव यांत 'बेन' किंवा 'जादव' असा फरक असेल तर आम्ही कागदावर आहे तसेच उतरवतो. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र तुम्ही वेगळे करून घ्या.

परदेशासाठी नुसती नकल पुरत नाही. राज्य सरकारच्या संबंधित विभागाचे प्रमाणन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे या व्यवस्थेतल्या सर्व देशांत मान्य असलेला प्रमाणनाचा शिक्का, लागतो. भारत २००५ पासून या व्यवस्थेत आहे, कॅनडा जानेवारी २०२४ पासून. जे देश त्यात नाहीत, त्यांच्यासाठी वकिलातीकडून प्रमाणन करावे लागते. आपली बरीच मुले कॅनडात आहेत, आणि त्यांच्यासाठी ही वाट आता सोपी झाली आहे.

आमच्याकडे येताना

मूळ प्रमाणित नकल आणा. व्हॉट्सॲपवरच्या फोटोत शिक्का वाचता येत नाही आणि कडेचे शब्द कापले जातात. पासपोर्टची प्रत सोबत ठेवा, म्हणजे नावाचे स्पेलिंग जुळवता येईल. आम्ही कायदेशीर सल्ला देत नाही आणि न्यायालयातले काम लवकर करून देतो असे सांगत नाही. तसे कुणी सांगितले तर पैसे देऊ नका. तुमचे कागद आमच्याकडे बंद कपाटात राहतात, काम झाल्यावर आमच्याकडची प्रत आम्ही तुमच्यासमोर नष्ट करतो.

आणि एक कळकळीची विनंती. नकलेची पाने एकत्र जोडून त्यांवर शिक्का मारलेला असतो. झेरॉक्स नीट यावी म्हणून दुकानात पिन काढून पाने सुटी केली जातात, आणि मग हीच पाने मूळची आहेत का, असा प्रश्न उभा राहतो. आमच्याकडे एका मुलीला यापायी पुन्हा नवी नकल काढावी लागली. झेरॉक्सवाल्याला आधीच सांगा, पाने जोडलेलीच ठेवून प्रत काढ. शक्य असेल तर न्यायालयातूनच दोन नकला मागून घ्या, एक वापरायला आणि एक घरी ठेवायला.