सेन्सिटिव्ह पेस्ट दाताची नस मारते?

जळगावच्या उन्हात बर्फाचा गोळा खाताना दातातून कळ गेली, की कुणीतरी सांगतंच : ‘ती सेन्सिटिव्ह पेस्ट नको, नस मारते.’ तसं नाही. राखुंडीने जोरात घासून दात झिजला किंवा हिरडी मागे सरली, की आतल्या थराची बारीक छिद्रं उघडी पडतात. थंडाव्याने त्यांतला द्रव हलतो आणि नस कळवळते. पेस्टमधलं पोटॅशियम नायट्रेट नसेला शांत करतं, स्टॅनस फ्लोराइड छिद्रं बुजवतं. नळीवरची घटकांची यादी वाचा. फरक पडायला 2 ते 4 आठवडे रोज वापरावी लागते. पेस्ट सोडल्यावर अनेकांची कळ परत येते. नस मेली असती तर ती आलीच नसती. मात्र गरम चहाने एकाच दातात ठणका रेंगाळत असेल, तर आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा.