पारधी बेडा, घरचा उंबरठा आणि पोलिसांची वही : गुन्ह्यांतल्या फरकामागची पार्श्वभूमी

सीतादही म्हणजे कापूस वेचणीआधीची पूजा झाली, वेचणी लागली, घरात कापसाच्या गंज्या उभ्या राहिल्या, की आमच्या दारव्हा-दिग्रसकडच्या गावांत चोरीच्या गोष्टीही सुरू व्हायच्या. कुणाचा मोटारपंप गेला, कुणाच्या विहिरीवरची केबल कापली, कुणाची बकरी नेली. चोर सापडायच्या आत चोराचा पत्ता ठरलेला असे : गावाबाहेरचा बेडा, म्हणजे पारध्यांची वस्ती. जमादार आला की ओट्यावर चहा घेई आणि सरळ तिकडे वळे. बाईमाणसावर कुणी संशय घेत नसे. अपवाद एकच, ती बाई बेड्यावरची असली तर.

गुन्हा करणाऱ्यांत पुरुष इतके जास्त का, आणि काही जातीजमातींची नावं पोलिसांच्या वहीत इतकी दाट का, हे दोन प्रश्न समाजशास्त्र शंभर-सव्वाशे वर्षं विचारतंय. बहुतेक वेळा त्यांची उत्तरं वेगवेगळी शोधली गेली. विदर्भातल्या खेड्यात राहणाऱ्या माणसाला मात्र ते एकाच दोरीचे पीळ वाटतात. कुणावर कुणाची नजर असते, हे पाहिल्याशिवाय दोन्हींतला एकही उलगडत नाही.

सुरुवात १८७१ पासून करावी लागते. त्या वर्षी इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा तर्क आपल्या जातव्यवस्थेतूनच उचललेला होता : कोष्ट्याचा मुलगा विणतो, सुताराचा मुलगा लाकूड तासतो, तर चोराचा मुलगा चोरीच करणार. म्हणजे गुन्हा हा कुणाच्या हातून घडतो असं नव्हे, तो जन्मानंच अंगाला चिकटतो. एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. या कायद्याचे दोन भाग होते. पहिल्यात जमातींची नोंदणी होती, दुसऱ्यात तृतीयपंथीयांची. जन्माची जात आणि देहाचं लिंग, दोन्ही एकाच कायद्यानं संशयाच्या रकान्यात घातली.

हा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १८९७ च्या दुरुस्तीनं या जमातींची मुलं आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची सोय केली. १९११ च्या नव्या कायद्यानं तो देशभर पसरवायची वाट मोकळी झाली आणि १९२४ साली तो पुन्हा पक्का केला गेला. नोंद झालेल्या माणसानं ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. त्यानं काही केलं होतं का, हे विचारायची गरजच उरली नाही. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर लिहिलेले चार खंड १९१६ साली निघाले. पारधी, भामटा, कैकाडी, टाकणकर यांच्या नोंदी त्यांत चाळल्या तर सणवार, लग्नविधी, देवदैवतं यांच्या बरोबरीनं चोरीच्या पद्धतीही येतात, जणू तोही एक कुळाचार. टाकणकर हे नाव मुळात जातं टाकवण्याच्या कामावरून आलेलं. घरोघरच्या जात्याला टाकी लावून देणारी ही माणसं. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातं कोपऱ्यात गेलं. काम गेलं, भटकणं राहिलं, आणि भटकणाऱ्यावर संशय घेणारं सरकार समोर उभं होतं.

हे एकट्या टाकणकरांचं झालं नाही. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. त्यानंतर बैलाच्या पाठीवरून माल न्यायची गरज कुणाला? जंगलाभोवती सरकारी हद्द पडली, ती १८७८ च्या वन कायद्यानं आणखी घट्ट झाली. फासेपारध्याचं तर सगळं जगणंच फाशावर. तितर, लाव्हे, ससे, हरणं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही शिकार उघड गुन्हा झाली. वाघ-हरणं वाचायलाच हवीत, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्याच्या हातातलं काम काढून घेतलं त्याच्या हातात दुसरं काय दिलं, याचं उत्तर कुणी दिलं नाही. आज रोही (नीलगायी) आणि रानडुकरं उभं पीक लोळवतात म्हणून रात्र रात्र जागल करणारे शेतकरी मी रोज पाहतो. शिवारातली ही जनावरं ज्यांच्या फाशात सापडत, तीच माणसं आता त्या शिवारात दिसली की पकडली जातात.

या सगळ्याला शास्त्राचा मुलामा नंतर चढला. इटलीतल्या चेझारे लोम्ब्रोझो यांचं ‘जन्मजात गुन्हेगार’ हे मत १८७६ साली आलं : कवटी, जबडा, कान पाहून गुन्हेगार ओळखता येतो. आपल्याकडचा कायदा त्याच्या पाच वर्षं आधीचा. म्हणजे शास्त्रावरून कायदा झाला नाही. वसाहतीत जे सोयीचं होतं तेच युरोपात शास्त्र म्हणून मिरवलं. १८९३ मध्ये लोम्ब्रोझो बायांकडे वळले. बाई उत्क्रांतीत मागे राहिली म्हणून ती गुन्हे कमी करते, आणि करते तेव्हा ती पुरुषाहून क्रूर असते, असं त्यांचं म्हणणं. हे आता कुणी मानत नाही, पण ‘ती जातच तशी’ हे वाक्य पारावर अजून ऐकू येतं.

लोम्ब्रोझोंना खरं उत्तर देणारे अमेरिकेत निघाले. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी फिलाडेल्फियात घरोघर फिरून १८९९ साली मांडलं, की कृष्णवर्णीयांत दिसणाऱ्या गुन्ह्यांचं मूळ रक्तात सापडत नाही. ते गुलामगिरीच्या वारशात, गाव सोडून शहरात येण्यात आणि कामावर न घेतलं जाण्यात आहे. १९३८ साली रॉबर्ट मर्टन म्हणाले, समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो आणि ते गाठायचा रस्ता मोजक्यांनाच देतो. उरलेले आडवाट शोधतात. पुढे १९६३ मध्ये हॉवर्ड बेकर यांनी प्रश्नच उलटा केला : एखादं कृत्य गुन्हा ठरतं ते त्यावर तसा शिक्का मारला जातो म्हणून. शिक्का बसला की माणसाला दुसरी वाट उरत नाही. बेड्यावरच्या पोट्ट्याला शाळेत ‘चोट्टा’ म्हणून हाक मारली जाते, तेव्हा बेकर यांचं अख्खं म्हणणं त्या एका शब्दात सापडतं.

इंग्लंडमधला वाद आपल्याला सगळ्यांत उपयोगी आहे. १९७८ साली स्टुअर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की रस्त्यावरच्या लुटमारीची भीती कृष्णवर्णीय तरुणांच्या नावावर कशी चढवली गेली आणि आर्थिक संकटाच्या काळात ते सत्तेला कसं सोयीचं ठरलं. त्यावर जॉन ली आणि जॉक यंग यांनी १९८४ मध्ये प्रतिवाद केला. सगळं पोलिसांच्या पूर्वग्रहावर ढकलू नका, असं ते म्हणाले. वंचिततेतून काही गुन्हे खरोखर घडतात आणि त्यांचा पहिला मार शेजारच्या गरिबालाच बसतो. मला हे दोन्ही हवे वाटतात. बेड्यावर कुणीच चोरी करत नाही असं म्हणणं म्हणजे त्या माणसांना माणूस न मानता मूर्ती करणं. ज्याची बकरी गेली तोही दोन एकरवाला कोरडवाहू शेतकरीच असतो. पण एकानं चोरी केली म्हणून चाळीस झोपड्या उलथ्यापालथ्या करायच्या, याला तपास म्हणत नाहीत. १९९९ मध्ये मॅकफर्सन समितीनं लंडनच्या पोलीस दलात संस्थेतच भिनलेला वंशभेद असल्याचं नोंदवलं. एकेका शिपायाच्या स्वभावापेक्षा खोलवरची ही गोष्ट आहे. आपल्याकडे तिला नेमका शब्द अजून रुळलेला नाही.

आता बायांचा प्रश्न. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास कैदी होते आणि त्यांत बाया चोवीस हजारांहून कमी. शंभरात चार. अशी तफावत जगभर दिसते, आकडा थोडा इकडे-तिकडे. ऑटो पोलॅक यांनी १९५० मध्ये म्हटलं, की बायांचे गुन्हे झाकले जातात, पोलीस आणि न्यायाधीश त्यांच्याशी दयेनं वागतात, शिवाय बाई मुळातच लपवाछपवीची. फ्रेडा अ‍ॅडलर यांनी १९७५ मध्ये भाकीत केलं, की स्वातंत्र्य मिळेल तसे बायांचे गुन्हे वाढतील. पण पकडल्या जाणाऱ्या बाया पाहिल्या तर त्यांत स्वतंत्र झालेल्या फारशा नव्हत्या. गरीब होत्या.

माझ्या मते सगळ्यांत पटणारं उत्तर फ्रान्सिस हायडनसोन यांचं, १९८५ सालचं. बाई गुन्हा कमी करते, कारण तिच्यावर घरात, रस्त्यावर आणि कामाच्या जागी पहारा असतो. आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वेचणीला बाया घोळक्यानं जातात, घोळक्यानं परततात. दिवेलागणीनंतर चौकात दिसलेल्या बाईची चर्चा सकाळी नळावर होते. मोटारसायकल, मोबाइल, हातात पैसा, रात्री हिंडणं, गुन्ह्याला लागणारी ही सगळी साधनं आधी पोराच्या हातात पडतात. आणि पोरावर वेगळं ओझं असतं. शेती परवडत नाही, नोकरी नाही, शेतकऱ्याच्या मुलाला पोरगी द्यायला कुणी तयार नाही. मग मर्दपणा दाखवायचा कुठं? रेतीच्या टिप्परवर, जुगाराच्या अड्ड्यावर, निवडणुकीच्या हाणामारीत. जेम्स मेसरश्मिट यांनी १९९३ साली हेच मांडलं : पुरुषपण सिद्ध करायचे सरळ मार्ग बंद झाले की काही जण ते गुन्ह्यातून सिद्ध करतात.

पॅट कार्लेन यांनी १९८८ मध्ये शिक्षा झालेल्या ३९ कष्टकरी बायांशी बोलून एक साधी गोष्ट सांगितली. बाईला समाज दोन आश्वासनं देतो : काम केलंस तर पोट भरेल, घर सांभाळलंस तर घर तुला सांभाळेल. ही दोन्ही मोडली, की तिला गमावण्यासारखं काही राहत नाही. वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली, चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. या बंद्यांसाठी बायांनीच रस्ते अडवले, मोर्चे काढले, कारण नवऱ्याच्या दारूचा मार त्यांच्याच पाठीवर पडत होता. आणि मोहफुलाची हातभट्टी लावताना, दारूचे डबे वाहून नेताना पकडली जाते तीही पुष्कळदा बाईच : विधवा, टाकलेली, भूमिहीन. कार्लेन यांची दोन्ही मोडलेली आश्वासनं तिच्या चुलीशी येऊन भेटतात. शिवाय वर्धा नदीच्या या काठाला, धामणगावात, परवान्याच्या दुकानात मिळणारी बाटली पूल ओलांडून पुलगावात गेली की गुन्हा होते. बाटली तीच, माणूस तोच, बदललेली असते ती हद्द.

पोलॅक म्हणतात ती दया कुणाच्या वाट्याला येते? देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये एका आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार झाला, आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. घरंदाज म्हणून सवलत मिळते ती उंबरठ्याच्या आतल्या बाईला. बेड्यावरच्या किंवा पाड्यावरच्या बाईला घराची नजर नसते असं नाही, पण तिच्यावर पोलिसांचीही असते. दोन्ही पहारे एकाच अंगावर.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींचे, म्हणजे विमुक्त, लोक तो दिवस पाळतात. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, पुढे मुंबई राज्यात आला आणि १९५९ साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. कागदावर तो जमातीवर नाही, माणसावर आहे. पण वहीत नावं कुणाची चढतात ते बेड्याला ठाऊक आहे. मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्यातल्या २००३ च्या एका खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी ठोठावली गेली होती. सर्वोच्च न्यायालयानं ५ मार्च २०१९ रोजी त्या सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. तोवर सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कामं आणि विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं.

तुरुंगांच्या आकडेवारीतही पारधी वेगळा दिसत नाही. महाराष्ट्रात तो अनुसूचित जमातीत मोडतो, त्यामुळे गोंड-कोरकूंच्या बेरजेत मिसळून जातो. बंजारा, कैकाडी आणखी दुसऱ्याच रकान्यात. तुरुंगात दर चारांतले तीन कैदी कच्चे आहेत, खटल्याचा निकाल न लागलेले, पण त्यांत बेड्यावरचे किती हे त्या बेरजेतून निघत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात, मंगरूळ चव्हाळ्याला, फासेपारध्यांच्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा उभी राहिली. तिचाही काही भाग समृद्धी महामार्गात गेला. शाळेतून पुढं जाणाऱ्या मुलाला जातीचा दाखला लागतो, आणि त्यासाठी तहसीलमध्ये १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. त्या काळात बेड्यावरच्या माणसाकडे ना सातबारा होता, ना शाळेचा दाखला.