उलटं जोडलं की झालं?

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधून मी ग्रॅफाइटच्या प्लेटा कापून घेतो. तळहाताएवढी प्लेट, तिच्यावर मिलिमीटरभर रुंदीचे नागमोडी चर. वर्कशॉपच्या मालकांना सगळे काका म्हणतात. इंधनघटाच्या (फ्युएल सेलच्या) प्लेटा कागदात गुंडाळून देताना एकदा ते म्हणाले, "साहेब, ह्यात हायड्रोजन सोडला की वीज निघते ना? मग ह्यालाच बाहेरून वीज द्या आणि पाणी सोडा, हायड्रोजन निघेल. दोन-दोन मशीन कशाला करताय?"

पुस्तकी हिशेबाने काकांचं बरोबर आहे. १८०० साली निकोल्सन आणि कार्लाइल यांनी वीज वापरून पाण्याचे दोन वायू वेगळे केले आणि १८३९ मध्ये विल्यम ग्रोव्हने तेच दोन वायू वापरून वीज मिळवली. समीकरणातला बाण तेवढा फिरला. पण समीकरणात फक्त पदार्थांची नावं असतात. पेटीच्या आत कोणाला काय सोसावं लागतं, हे त्यात लिहिलेलं नसतं.

वीज देणारा इंधनघट आणि पाणी फोडून हायड्रोजन देणारी अपघटनी, या दोन्ही यंत्रांच्या मधोमध एक पारदर्शक पडदा असतो. हातात घेतला तर जिलेटिन पेपरचा तुकडा वाटेल. सगळ्यात प्रसिद्ध पडदा म्हणजे नॅफिऑन, १९६०च्या दशकात ड्यूपॉन्ट कंपनीत जन्मलेला. तव्यावरच्या टेफ्लॉनसारखीच साखळी, पण तिला मधूनमधून फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला सल्फॉनिक आम्लाचा गट. साखळीला पाण्याचं वावडं, आम्लाला पाण्याची ओढ. पडदा भिजला की दोघं आपापल्या बाजूला सरकतात आणि आत काही नॅनोमीटर रुंदीच्या पाण्याच्या वाटा तयार होतात. त्या वाटांनी प्रोटॉन पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनना मज्जाव, म्हणून ते बाहेरच्या तारेतून फिरून येतात. तीच आपली वीज. शाळेत पाण्याचं अपघटन करताना आपण त्यात थोडं आम्ल घालायचो. इथे ते आम्ल पडद्यालाच शिवून टाकलंय म्हणा ना, त्यामुळे ते वाहून जात नाही आणि शुद्ध पाण्यावर काम भागतं.

हा पडदा मोठा नखरेल. पूर्ण भिजला की लांबी-रुंदीत साधारण १० टक्के वाढतो. एप्रिलमधल्या कोरड्या पुणेरी हवेत टेबलावर ठेवा आणि एका बाजूला पाण्याचा थेंब पाडा, उन्हातल्या पापडासारखा वळतो. घट जुळवताना हे ध्यानात ठेवलं नाही तर आत सुरकुत्या पडतात आणि सुरकुतीवर दाब आला की भोक.

इंधनघटात सगळी मारामारी पाण्याचीच. प्रोटॉन पलीकडे जाताना आपल्याबरोबर पाण्याचे रेणू ओढून नेतात, म्हणून हायड्रोजनची बाजू कोरडी पडते. ऑक्सिजनच्या बाजूला हे आलेलं पाणी, शिवाय तिथेच तयार होणारं पाणी. एकीकडे दुष्काळ, दुसरीकडे पूर. कोरडा पडदा प्रोटॉनला वाट देत नाही, म्हणून आत जाणारा वायू ओला करून सोडावा लागतो. पूर आला तर पडद्याला लागून असलेल्या कार्बन कागदाची छिद्रं बुजतात आणि ऑक्सिजनला आत शिरता येत नाही. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की पुण्यातला भिडे पूल बंद होतो, तसंच. ती छिद्रं मोकळी राहावीत म्हणून कार्बन कागदाला टेफ्लॉनचा हात दिलेला असतो. काकांनी कापलेले नागमोडी चरही त्यासाठीच. चराची रुंदी, खोली, वळणं यांवर माणसं पीएचडी करतात, आणि मला त्यात काही जास्त वाटत नाही.

आता काकांच्या म्हणण्याप्रमाणे हाच घट उलटा चालवू. पाणी मुबलक, म्हणजे दुष्काळाचा प्रश्न मिटला. पण ऑक्सिजनच्या बाजूला आता १.८ ते २ व्होल्टचा ताण आहे. इंधनघट भाराखाली ०.६ ते ०.७ व्होल्टवर चालतो, तिथे कार्बन सुखाने नांदतो. इथे तो हळूहळू चक्क कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. कागद गेला, ग्रॅफाइटची प्लेट गेली, उत्प्रेरकाला धरून ठेवणारी कार्बनची पूडही गेली. म्हणून या बाजूला सगळं टायटॅनियमचं करावं लागतं. आणि टायटॅनियमवर ऑक्साइडची साय धरते, तिच्यातून वीज नीट जात नाही, म्हणून त्यावर प्लॅटिनमचा पातळ मुलामा.

उत्प्रेरकाचं तर आणखी अवघड. इंधनघटात प्लॅटिनमवर भागतं, पण पाण्यातून ऑक्सिजन सोडवायला या आम्लात इरिडियमचं ऑक्साइड लागतं. जगभरात वर्षाला इरिडियम निघतं जेमतेम ७-८ टन. हिशेब करून बघा. दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इरिडियम, तेवढ्याच जागेतून २ अँपिअर प्रवाह, घटाला १.९ व्होल्ट. म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे ३.८ वॉट. एक गिगावॉटला लागलं अर्धा टन. भारताने २०२३ मध्ये उद्दिष्ट ठेवलं २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजनचं. किलोला ५० युनिट वीज धरली तर रात्रंदिवस चालणारे सुमारे २८ गिगावॉट लागतील, आणि सौर वीज रात्रंदिवस नसते. त्यामुळे इरिडियमचा थर पातळ करण्याची धडपड ही केवळ काटकसर नाही. इरिडियमऐवजी निकेलवर चालणारे अल्कधर्मी पडदेही येताहेत. ते टिकाऊपणात अजून कच्चे आहेत, पण माझी भिस्त त्यांच्यावर आहे.

पडद्याची जाडी हा वेगळाच तिढा. मोटारीतल्या इंधनघटात १०-१५ मायक्रॉनचा पडदा चालतो, केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा. पातळ म्हणजे रोध कमी. अपघटनीत मात्र वर्षानुवर्षं १८० मायक्रॉनच्या आसपासचा वापरत आलेत. एक कारण दाब: हायड्रोजन ३० बारला (हवेच्या दाबाच्या सुमारे तीसपट) काढायचा आणि पलीकडचा ऑक्सिजन साध्या हवेच्या दाबाला, तर मधल्याने तग धरायला हवा. दुसरं कारण मला पावसाळ्यात नेहमी आठवतं. पडद्यातून थोडा हायड्रोजन कायम पलीकडे झिरपत असतो. ऊन असलं की ऑक्सिजन भरपूर तयार होतो, त्यात तो झिरपलेला नगण्य. जुलैत ढग आले, सौर पॅनेलचा प्रवाह दहाव्या हिश्श्यावर आला, की ऑक्सिजन तेवढाच घटतो, पण झिरपणं चालूच राहतं. ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की मिश्रण पेट घेऊ शकतं. म्हणून त्याआधीच यंत्र आपण होऊन बंद पडेल अशी सोय ठेवतात. पडदा जितका पातळ, तितक्या लवकर ढग त्याला बंद पाडणार.

आणि पाणी. मी पूर्वी जिथे काम करायचो तिथे एकदा आयनरहित पाण्याचा प्लांट बंद होता. कोणीतरी टाकीत २० लिटरच्या जारचं पिण्याचं पाणी ओतलं. सकाळी १.८५ व्होल्टवर असलेला घट संध्याकाळी दोनच्या वर. जारचं पाणी आपल्याला शुद्ध, पडद्याला नाही. त्यातला कॅल्शियमचा एकेक आयन आम्लाच्या दोन-दोन जागा अडवून बसतो आणि प्रोटॉनची वाट अरुंद होते. घट उघडून पडदा विरल सल्फ्युरिक आम्लात उकळला तेव्हा बराचसा सुधारला. पाण्यात लोखंड असतं तर तेवढ्यावर निभावलं नसतं. त्याने तयार होणारे मुक्त मूलक, म्हणजे फार आक्रमक कण, पडद्याची साखळीच कुरतडतात.

पुण्याला हे सगळं परकं नाही. पाषाण रोडवरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने आणि केपीआयटी या कंपनीने मिळून बनवलेली इंधनघटावरची बस ऑगस्ट २०२२ मध्ये इथेच दाखवली गेली. तेव्हापासून नातेवाईक मला विचारतात, पाण्यावर चालणारी स्कूटर कधी येणार? त्यांना मी दोनच आकडे सांगतो. पाणी फोडताना १.८५ व्होल्ट घालायचे, इंधनघटातून ०.६५ परत मिळणार. भागाकार करा: १०० युनिटमागे ३५. हायड्रोजन दाबण्याचा खर्च त्याहून वेगळा. स्कूटरला बॅटरीच बरी. खताचे कारखाने, पोलाद, लांब पल्ल्याचे ट्रक इथे हायड्रोजनचा विचार करावा.

काकांना हे सगळं चहा पिता पिता सांगितलं आणि टायटॅनियमची एक प्लेट कापायला दिली. टायटॅनियम उष्णता पटकन वाहून नेत नाही, ती टूलच्या टोकाशीच साठते. आठवड्याने प्लेट मिळाली, चर अगदी मापात. बिलात मजुरीच्या खाली आणखी एक ओळ होती: टूल, ३ नग.

"हे काय काका, कल्पना तुमचीच होती."

"हो, पण ग्रॅफाइटमध्ये."