सजगता : चिंताविकार व मंत्रचळ यांमधील उपयोग

मनात व शरीरात या क्षणी जे घडत आहे ते घालवण्याची किंवा त्याचा निवाडा करण्याची घाई न करता, त्याकडे जाणूनबुजून लक्ष देण्याचा सराव म्हणजे सजगता. माइंडफुलनेस या नावानेही ती ओळखली जाते. चिंताविकार आणि मंत्रचळ, म्हणजेच दवाखान्यात ज्याला ओसीडी म्हणतात तो विकार, यांत ती पूरक उपचार म्हणून वापरतात. मन शांत करणे हा तिचा हेतू नव्हे. धास्ती आणि नकोसे विचार असतानाही त्यांच्या सांगण्यावरून न वागण्याचे बळ मिळवणे हा तिचा हेतू आहे, आणि या दोन विकारांत हाच भेद निर्णायक ठरतो.

विकारांचे स्वरूप : चिंताविकारात प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने कितीतरी जास्त भीती दीर्घकाळ टिकून राहते. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, पोटात गोळा, झोप न लागणे ही लक्षणे शरीराची असल्याने ‘जीव घाबरतो’ म्हणणारा रुग्ण आधी ईसीजी काढायला जातो. ही तपासणी एकदा अवश्य करावी. अहवाल चांगला आल्यावरही ती पुन्हा पुन्हा करणे हा मात्र चिंतेचाच भाग असतो. मंत्रचळात नको असलेला विचार, चित्र किंवा ऊर्मी वारंवार मनात घुसते, ही मनोग्रस्ती. तिची धास्ती उतरवण्यासाठी काहीतरी करावेच लागते. ही अनिवार्य कृती. हात धुणे, कडी-कुलूप, गॅसचा कॉक किंवा विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर पुन्हा पुन्हा पाहणे ही तिची उघड रूपे. मनात मोजणे, वाईट विचार चांगल्या शब्दाने ‘खोडणे’, झालेला प्रसंग आठवून तपासणे, घरच्यांकडून खात्री वदवून घेणे ही न दिसणारी रूपे असून ती बरीच वर्षे कोणाच्या ध्यानात येत नाहीत. कृतीने क्षणभर आराम मिळतो आणि त्या आरामामुळेच पुढच्या वेळी विचार अधिक जोराने येतो. रॅकमन व डी सिल्व्हा यांनी १९७८ मध्ये दाखवले की, याच आशयाचे विचार निरोगी माणसांनाही येतात. मात्र ते कमी वेळा येतात व सहज निघून जातात. मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाने (डीएसएम-५) २०१३ मध्ये मंत्रचळाला चिंताविकारांच्या गटातून काढून स्वतंत्र स्थान दिले.

उगम : सरावाचा सर्वांत सविस्तर जुना आधार म्हणजे बौद्ध परंपरेतील पाली सतिपट्ठान सुत्त (मज्झिम निकाय या सुत्तसंग्रहातील १० वे). त्यात काया, वेदना (सुखद-दुःखद संवेदना), चित्त व धम्म (मनाचे विषय) अशी निरीक्षणाची चार क्षेत्रे सांगितली आहेत. आनापानसति सुत्तात (मज्झिम निकाय, ११८) श्वासाच्या आधाराने १६ पायऱ्या येतात. सतिपट्ठानाचे दोन समांतर पाठ चिनी आगमांत, म्हणजे चिनी भाषेत उतरलेल्या बौद्ध सूत्रसंग्रहांत, आहेत, एक मध्यम आगमात व दुसरा एकोत्तर आगमात. तिन्हींची तुलना करता शरीराचे अवयव, महाभूते व प्रेताच्या अवस्था यांचे निरीक्षण सर्वत्र आढळते; श्वासाचा भाग मात्र एकोत्तर आगमातील पाठात नाही. यावरून मूळ उपदेशाचा गाभा कोणता याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. श्वास हा अनेक आधारांपैकी एक होता, एकमेव नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या वादाला व्यवहारातही महत्त्व आहे, कारण श्वासाकडे लक्ष देताच ज्यांची घबराट वाढते त्यांना दुसरा आधार देणे ही परंपरेची मोडतोड ठरत नाही.

राजा मिलिंद व भिक्षू नागसेन यांच्या संवादाचा ग्रंथ मिलिंदपञ्ह सामान्यतः इ. स. पू. पहिले ते इ. स. दुसरे शतक यांदरम्यानचा मानला जातो. त्यात नागसेन स्मृतीची (पाली सति, म्हणजेच सजगता) दोन लक्षणे सांगतो : विषय निसटू न देणे आणि हितकर-अहितकर ओळखून हितकर ते धरणे. म्हणजे निवाडा न करण्यावरचा आजचा भर तेथे त्या रूपात नाही. उलट निवड अपेक्षित आहे. उपचारात याचा अर्थ असा घेता येतो की, विचाराचा निवाडा करायचा नसतो, पुढच्या कृतीची निवड मात्र करायची असते. छत्रपती संभाजीनगर येथील मिलिंद महाविद्यालय (स्थापना १९५०) आणि त्याचा नागसेनवन परिसर यांची नावे याच संवादातील दोघांवरून पडली आहेत.

अजिंठ्याच्या विहारांत हा सराव कसा चालत असे, हे लेण्यांवरून ठरवता येत नाही. लेण्यांचा पहिला टप्पा साधारणपणे इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकाचा मानतात. दुसरा टप्पा अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, सुमारे ४६० ते ४८० या अल्पावधीत बसवला. इतर काही अभ्यासक तो सातव्या शतकापर्यंत लांबवतात. कोणतेही मत घेतले तरी अजिंठ्यापासून आजच्या दवाखान्यापर्यंत अखंड परंपरा दाखवता येत नाही. आजचा सराव ब्रह्मदेशातील आधुनिक चळवळीतून आला, हे अधिक संभवनीय आहे. लेडी सयाडो (१८४६–१९२३) यांनी विपश्यना गृहस्थांपर्यंत नेली. महासी सयाडो (१९०४–८२) यांनी अनुभवाला एका शब्दाचे नाव देण्याची पद्धत रूढ केली. ऊ बा खिन (१८९९–१९७१) यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) १९६९ मध्ये भारतात शिबिरे घेऊ लागले. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात विपश्यना, झेन व हठयोग यांतील घटक घेऊन धार्मिक चौकटीबाहेरचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम बसवला. चिंताविकारांवरील बहुतेक संशोधन या कार्यक्रमावर किंवा त्याच्या रूपांतरांवर झाले आहे. दहा दिवसांच्या मौन शिबिरांना ते जसेच्या तसे लागू करू नये.

परिणाम कसा होतो : औषध घेताना माकड आठवू नको म्हटले की माकडच आठवते. डॅनियल वेग्नर व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळण्यास सांगून हेच प्रयोगात दाखवले : दाबलेला विचार दाबतानाही डोकावतो आणि मोकळीक मिळताच अधिक येतो. सजग सरावात विचार दाबायचा नाही, त्याच्याशी वादही घालायचा नाही. ‘गॅस चालू राहिला’ याऐवजी ‘गॅस चालू राहिल्याचा विचार आला आहे’ अशी नोंद करायची. विचार आणि वस्तुस्थिती यांत एवढे अंतर पडले की कृती करायची की नाही हे ठरवायला जागा मिळते.

सराव : मूळ कार्यक्रमात आठवड्यातून एक अडीच तासांचे सत्र, घरी सहा दिवस सुमारे ४५ मिनिटे आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास एक पूर्ण दिवस असतो. तीव्र चिंता असलेल्याला ४५ मिनिटांनी सुरुवात करून देणे बहुधा चुकते. तो तिसऱ्या दिवशी सोडतो. पाच मिनिटे, दिवसातून दोनदा, ही सुरुवात पुरे. खुर्चीवर किंवा भिंतीला पाठ टेकून बसावे. तळपाय फरशीला टेकलेले, डोळे अर्धे उघडे, नजर चार-पाच फुटांवर. पहिली दोन मिनिटे तळपायांचा स्पर्श जाणावा : गार, खरखरीत, कुठे दाब जास्त. पुढची दोन मिनिटे आवाज : पंखा, भांडी, रस्त्यावरची रिक्षा. शेवटचे मिनिट पूर्ण शरीर. मन भरकटले की एका शब्दात नोंद करावी, ‘काळजी’, ‘बेत’, ‘आठवण’, आणि तळपायांकडे परत यावे. भरकटणे म्हणजे चूक नव्हे. भरकटल्याचे लक्षात येणे हाच व्यायाम आहे. दोन आठवड्यांनी वेळ दहा मिनिटे, पुढे वीस करावा. परदेशी कार्यक्रमात बेदाणा सावकाश खाण्याचा पाठ असतो; येथे ज्वारीच्या भाकरीच्या एका घासाने तो तितकाच चांगला होतो.

श्वास घ्यायचा तर जसा चालला आहे तसाच पाहावा, लांबवू नये. घबराटीचा झटका येणाऱ्यांत ‘खोल श्वास घे’ हा सल्ला उलटतो. जोराने श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने चक्कर व मुंग्या येतात आणि त्याच पुन्हा झटक्याची खूण वाटतात. श्वास, गिळणे किंवा डोळ्यांची उघडझाप यांच्याकडेच अडकून पडण्याचा मंत्रचळ असलेल्यांनी सुरुवातीला श्वास हा आधार वर्ज्य मानावा.

दिवसभरात तीन मिनिटांचा थांबा उपयोगी पडतो : एक मिनिट ‘आत्ता मनात-अंगात काय आहे’, एक मिनिट श्वास किंवा तळपाय, एक मिनिट पूर्ण शरीर. परीक्षेची तयारी करणारी लातूर-नांदेडकडची मुले तो पेपर सोडवण्याआधी वापरू शकतात. मात्र कर्जाचा हप्ता, न आलेला पाऊस, पडलेला भाव या काळज्या खऱ्या आहेत. त्यांवर सजगता हा उपाय नाही. ज्या भागावर काही करता येते तेथे कृती करावी; रात्री दोन वाजता तोच हिशेब मनात दहाव्यांदा मांडला जातो, तेथे सरावाचे काम सुरू होते.

मंत्रचळात वापर : मंत्रचळाचा मुख्य मानसोपचार म्हणजे धास्तीला सामोरे जाणे व त्यानंतरची अनिवार्य कृती न करणे, ज्याला इआरपी म्हणतात. व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवर त्याची सुरुवात केली. सजगता त्याची जागा घेत नाही. कृती न करता थांबण्याच्या वेळात काय करायचे, याचे उत्तर ती देते. उपचारक रुग्णासोबत धास्तीची ० ते १०० अंकांची शिडी करतो. घाणीच्या भीतीत ती अशी असू शकते : घरातल्या दाराची कडी ३०, स्वतःची चप्पल ४५, एसटी स्टँडवरचा बाक ६५, सार्वजनिक संडासाचा दांडा ९०. सुरुवात ३०–४० पासून. कडीला हात लावून तो न धुता बसायचे आणि पाहायचे : धास्ती शरीरात कुठे आहे, घशात की छातीत, वाढते की सरकते, ‘धुवावेसे वाटते’ ही ओढ कशी येते. ती शून्यावर येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. ओढ असतानाही दुसरे काम करता येते, हे कळणे पुरेसे. पूर्ण थांबणे जमत नसेल तर मनोविकारतज्ज्ञ जेफ्री श्वार्ट्झ यांनी सुचवल्याप्रमाणे कृती १५ मिनिटे पुढे ढकलावी आणि तेवढ्यात ठरलेल्या कामाला लागावे.

मराठवाड्यात अनेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही आणि उन्हाळ्यात कित्येक गावे टँकरवर असतात. धुण्याच्या मंत्रचळात दोन-दोन बादल्या पाणी जाऊ लागले की घरात भांडण पेटते आणि पाणी कुलुपात जाते. हा उपचार नव्हे. जबरदस्तीने थांबवल्यास व्यक्तीला स्वतःहून धास्तीसोबत राहिल्याचा अनुभव मिळत नाही. ती चोरून पाणी साठवते किंवा पुसण्याकडे वळते. तिच्या संमतीने माप ठरवावे : जेवणाआधी व संडासानंतर एक तांब्या पाणी, साबण एकदाच, २० सेकंद. स्वच्छतेची सामान्य पातळी यापेक्षा खाली नेण्याची गरज नसते. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरांत रीत कुठे संपते व मंत्रचळ कुठे सुरू होतो, हे पाहण्यासाठी त्याच घरातील इतर माणसे काय व किती वेळ करतात हे विचारावे. श्रद्धेवर टीका केल्यास रुग्ण पुन्हा येत नाही.

‘आई, हात नीट धुतले ना मी?’ या प्रश्नाला आईने दिवसातून तीस वेळा ‘हो’ म्हणणे हाही विकाराला खतपाणी घालणारा भाग आहे. उत्तर बंद करण्यापूर्वी दोघांनी मिळून वाक्य ठरवावे, उदा. ‘हा प्रश्न मंत्रचळाचा आहे, मी तुझ्याजवळ बसते, पण उत्तर देणार नाही.’ न सांगता अचानक गप्प होणे क्रूर ठरते.

नामस्मरण : नामदेवांची नरसी, जनाबाईंचे गंगाखेड, एकनाथांचे पैठण असलेल्या या प्रदेशात चित्त एकाग्र करण्याची सर्वांत परिचित रीत नामस्मरण हीच आहे. मन जेथे धावेल तेथून परत आणण्याची सूचना गीतेतही (६.२६) आहे. त्यामुळे ज्येष्ठांना सराव शिकवताना नामाचा आधार घेण्यास हरकत नसते. मंत्रचळात मात्र एक बारीक तपासणी लागते. देवाविषयी घाणेरडा विचार आला म्हणून तो पुसण्यासाठी नाम घेतले, ते ठरावीक आकड्यातच घेतले, मध्ये चुकले तर पहिल्यापासून सुरू केले, तर ते नाम अनिवार्य कृती झाले आहे. अशा वेळी नाम बंद करायला सांगू नये. ते ठरलेल्या वेळी, न मोजता, विचार आलेला असताना त्याला उत्तर म्हणून नव्हे, अशा रीतीने घ्यायला सुचवावे. रुग्णाचा विश्वास असलेल्या कीर्तनकाराने किंवा महाराजांनी हेच सांगितले तर ते लवकर पटते.

काय बिघडते : सर्वांत जास्त वेळा घडणारी चूक म्हणजे सजगतेचीच अनिवार्य कृती होणे. विचार आला की लगेच डोळे मिटून ‘तो जाईपर्यंत’ बसणे, सराव बरोबर झाला का हे तपासणे, एखादा दिवस चुकल्यास अनिष्ट होईल असे वाटणे या तिच्या खुणा. उपाय म्हणजे सरावाची वेळ घड्याळाशी बांधावी, लक्षणाशी नव्हे. आणि अधूनमधून तो मुद्दाम अर्धवट सोडावा. घाणीची भीती असलेल्यांनी शरीराच्या अशुद्धतेचे पारंपरिक चिंतन आपल्या मनाने करू नये. ज्यांना मोठ्या आघाताच्या आठवणी येतात त्यांच्यात डोळे मिटून शरीरभर लक्ष फिरवल्याने त्या उसळू शकतात. त्यांनी डोळे उघडे ठेवून, चालता-चालता, थोडा वेळ सराव करावा. तीव्र आजारात मौन शिबिराला जाणे योग्य नाही. विपश्यना केंद्रांच्या अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारलेली असते. ती लपवू नये.

पुरावा : २७६ प्रौढांवरील अमेरिकी चाचणीत (प्रसिद्धी २०२२) चिंताविकारांसाठी आठ आठवड्यांचा सजगता कार्यक्रम एस्सिटालोप्राम या औषधापेक्षा कमी परिणामकारक ठरला नाही. मंत्रचळातील चित्र फिके आहे. मानसोपचारानंतरही लक्षणे उरलेल्या १२५ रुग्णांच्या जर्मन चाचणीत (२०१९) डॉक्टरांनी मोजलेल्या मुख्य मापावर सजगताधारित उपचार तुलनेच्या गटापेक्षा सरस ठरला नाही. रुग्णांच्या स्वतःच्या नोंदीत काही लाभ दिसला. म्हणून चिंताविकारांत प्रमुख पर्यायांपैकी एक व मंत्रचळात केवळ जोड, ही भूमिका सध्या योग्य दिसते. मंत्रचळात औषधांची मात्रा बहुधा जास्त लागते आणि गुण येण्यास ८ ते १२ आठवडे जातात. सराव सुरू केला म्हणून गोळ्या आपणहून बंद करू नयेत.

उपलब्धता : राज्यातील ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. मंत्रचळासाठी भरती क्वचितच लागते. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांच्या मनोविकृतिशास्त्र विभागांत बाह्यरुग्ण उपचार मिळतात. इआरपी जाणणारे उपचारक मोठ्या शहरांबाहेर कमी आहेत. चिठ्ठी काढताना ‘मंत्रचळासाठी मानसोपचार हवा’ असे स्पष्ट सांगावे, अन्यथा भेट गोळ्यांवरच आटोपते. टेलि-मानस ही केंद्र शासनाची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू असून तीत मराठीत बोलता येते. जीव द्यावासा वाटत असेल तर सरावाची वाट न पाहता हा क्रमांक किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.