क्लच वाजतोय? नव्या प्लेटा घेण्याआधी हे वाचा
आमच्या मोटरसायकल स्पेअर पार्टच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

काउंटरवर येऊन "क्लच प्लेटा द्या" म्हणणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी विचारतो, आवाज नेमका कधी येतो? पुष्कळदा दोष क्लचच्या वायरमध्ये, ऑइलमध्ये किंवा क्लच हाउसिंगमध्ये, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या डब्यात असतो. अशा वेळी प्लेटा बदलल्या तरी आवाज तसाच राहतो आणि तुमचे पैसे जातात. ते आम्हाला नको आहे.

हे पत्रक स्प्लेंडर, शाइन, पल्सर अशा गाड्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांचा क्लच हाताने दाबायचा असतो आणि इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा आणि आपोआप धरणारा असतो, त्याला यातलं काही लागू नाही.

आधी कान लावा

इंजिन चांगलं गरम झाल्यावर गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये ठेवा. उजव्या बाजूच्या कव्हरजवळ कान नेऊन क्लच सावकाश दाबा आणि सोडा.

क्लच सोडलेला असताना खडखड येते आणि दाबताच थांबते किंवा बरीच कमी होते, तर संशय दोन ठिकाणी: क्लच हाउसिंगच्या मागच्या स्प्रिंगा किंवा रबरं ढिली झाली आहेत, नाहीतर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग गेलं आहे. प्लेटांचा इथे दोष नसतो. मात्र गरम इंजिनला, विशेषतः आयडलिंग कमी ठेवलेलं असेल तर, थोडी खडखड बऱ्याच गाड्यांत असतेच. आयडलिंग नीट करून पुन्हा ऐका. शेजाऱ्याची त्याच मॉडेलची गाडी ऐकून पाहिलीत तर अंदाज लवकर येतो.

उलट, क्लच दाबल्यावरच घर्रघर्र सुरू होत असेल तर प्रेशर प्लेट (प्लेटा एकमेकींवर दाबून धरणारी चकती) ढकलणारं छोटं बेअरिंग तपासा. ते स्वस्त आहे, पण तिथं पोहोचायला कव्हर उघडावंच लागतं. गाडी उचलताना थरथर, झटके किंवा चर्र असा आवाज येत असेल तर प्लेटा घासून गुळगुळीत, चकचकीत झाल्या असतील, स्टील प्लेटा वाकल्या असतील किंवा हाउसिंगच्या बोटांना (प्लेटांचे दात ज्यांत अडकतात त्या पट्ट्यांना) खाचा पडल्या असतील. आणि क्लच दाबा की सोडा, आवाज बदलतच नसेल तर क्लचला हात लावू नका. हेडमधून, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातून येणारी टिकटिक बहुधा टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांची) असते.

खरोखर झिजलेला क्लच बहुधा वाजतच नाही. तो घसरतो. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दिलात की इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही. चढावर जळका वास येतो. दुधाच्या कॅन लावून रोज फिरणाऱ्या आणि घाटात हाफ क्लचवर चढणाऱ्या गाड्यांत आम्ही हे जास्त पाहतो.

तरीही कव्हर उघडण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, लिव्हरच्या टोकाशी मोकळी चाल, म्हणजे वायर ताणली जाण्याआधी लिव्हर जेवढं सैल हलतं ते अंतर. हिरो आणि होंडाच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत ती १० ते २० मिलिमीटर असते. इतरांसाठी गाडीसोबतचं पुस्तक बघा. चाल अजिबात नसेल तर क्लच कायम अर्धा दाबलेला राहतो आणि नव्या प्लेटाही लवकर जळतात. दोन, ऑइल. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (JASO MA, MA2; ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवं. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यानं चांगला क्लचही घसरतो. आधी योग्य ऑइल भरून थोडे दिवस चालवा, मग ठरवा.

प्लेटा बदलायच्याच असतील तर

नव्या फ्रिक्शन प्लेटा (घर्षणाचं अस्तर लावलेल्या, स्टील प्लेटांच्या मध्ये बसणाऱ्या) आदल्या रात्री त्याच इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच जळू शकतात. ही पायरी लोक सर्रास गाळतात, म्हणून सगळ्यात आधी लिहिली.

इंजिन थंड असताना ऑइल काढा, क्लच वायर ढिली करून सोडवा, किक आणि लागेल तसा फूटरेस्ट काढा. कव्हरचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी खोचा. लांब बोल्ट आखूड जागी कसला तर केसिंग फुटू शकतं. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीनं ठोका. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. ॲल्युमिनियमला ओरखडा गेला की ऑइल गळत राहतं.

स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करून सोडा. काही गाड्यांत यानंतर प्लेटा लगेच हाती येतात. अनेक छोट्या गाड्यांत मात्र मधला नट किंवा सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढावी लागते, कारण प्रेशर प्लेट आतल्या बाजूला असते. खाचांच्या नटाला त्याच मापाची खास गोटी (सॉकेट) लागते. छिन्नी लावून ठोकणं नको. नट सोडताना हब (क्लचचा मधला भाग) फिरू नये म्हणून गाडी टॉप गिअरमध्ये टाकून कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा. गिअरच्या दातांत लोखंड अडकवणं महागात पडतं. गोटी नसेल तर या टप्प्यावर थांबा आणि आमच्याकडे या.

प्लेटा काढताना क्रमाचा फोटो घ्या. काही मॉडेलमध्ये सगळ्यात बाहेरची फ्रिक्शन प्लेट वेगळी असते किंवा वेगळ्या खाचेत बसते. स्टील प्लेट सपाट काचेवर ठेवून कडेखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवा. वाकलेली किंवा निळी पडलेली प्लेट परत बसवू नका. मग हाउसिंगच्या बोटांवरून नख फिरवा. नख अडकेल इतक्या खोल खाचा असतील तर नव्या प्लेटाही अडखळणार, त्यापेक्षा हाउसिंगच बदललेलं बरं. कानशीनं घासून ते फार काळ टिकत नाही. स्प्रिंगा नव्या घ्या. जुन्या स्प्रिंगा दबून आखूड झालेल्या असतात आणि प्लेटांच्या तुलनेत त्यांची किंमत फारच थोडी आहे.

बसवताना सगळं उलट क्रमानं. स्प्रिंगांचे ६ मिलिमीटरचे बोल्ट बहुतेक गाड्यांत १० ते १२ न्यूटन-मीटर एवढेच कसायचे असतात. म्हणजे छोटा टी पाना, हाताचा जोर, वर पाइप लावायचा नाही. पॅकिंग दर वेळी नवं. कव्हर उघडलंच आहे तर ऑइलची जाळीही धुऊन घ्या, तिच्यात जुन्या प्लेटांचा भुगा सापडतो.

ऑइल भरून, वायरची चाल लावून गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करा आणि पाच मिनिटं क्लच दाबत-सोडत राहा. मग पहिला गिअर टाका. क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकत असेल तर चाल जास्त झाली आहे, वायर थोडी कसा. गाडी फिरवून आल्यावर ऑइलची पातळी पुन्हा बघा.

जुन्या प्लेटा आणि हाउसिंग घेऊन आलात तर तुमच्यासमोर व्हर्नियरनं मोजून सांगू काय बदलायचं आणि काय अजून चालेल. काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा शेतात ओतू नका, बंद बाटलीत दुकानात आणून द्या.