मोबाइल निर्मितीतील पर्यावरणीय जबाबदारी

खाणीतून धातू काढण्यापासून निकामी हँडसेटच्या विल्हेवाटीपर्यंत होणाऱ्या पर्यावरणहानीचे उत्तरदायित्व मोबाइल बनवणाऱ्या कंपनीने स्वीकारावे, अशी ही संकल्पना आहे. पुणे जिल्ह्याला ती दोन्ही टोकांनी भिडते. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या एलजी कारखान्यात एकेकाळी मोबाइल तयार होत (कंपनीने २०२१ मध्ये हा व्यवसायच बंद केला) आणि पुणे शहरात जुन्या फोनची दुरुस्ती व भंगार यांवर कितीतरी कुटुंबे जगतात.

फोनपायी होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी, बऱ्याच मॉडेलांच्या बाबतीत सुमारे ८० टक्के, उत्सर्जन फोन बनतानाच होऊन गेलेले असते. रोजच्या चार्जिंगची वीज त्यामानाने किरकोळ. चिप घडवताना अतिशुद्ध पाणी आणि भरपूर वीज लागते. शिवाय नायट्रोजन ट्रायफ्लोराइडसारखे वायू वापरले जातात. या वायूची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सोळा-सतरा हजार पट आहे. बॅटरीतील कोबाल्ट बहुतांशी काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येते. सोल्डरमधील (सुटे भाग बोर्डाला जोडणाऱ्या मिश्रधातूतील) कथिलासाठी इंडोनेशियाच्या बांका बेटावर जंगल आणि समुद्रतळ दोन्ही खणले गेले आहेत. एवढी किंमत आधीच मोजलेली असल्यामुळे फोन जास्त वर्षे चालणे हीच सर्वांत मोठी बचत ठरते. आकर्षक ‘हरित’ खोक्यापेक्षा कंपनीची खरी परीक्षा इथे होते.

कामगारांचे आरोग्य या विषयातून वगळता येत नाही. चीनमधील सुचौ येथे अ‍ॅपलला टचस्क्रीन पुरवणाऱ्या कारखान्यात २००९ च्या सुमारास टचस्क्रीन पुसण्यासाठी अल्कोहोलऐवजी लवकर सुकणारे एन-हेक्झेन हे द्रावक वापरले गेले आणि शंभराहून अधिक कामगारांना मज्जातंतूंचे विकार जडले. अ‍ॅपलने अंतिम जुळणीतील बेंझीन व एन-हेक्झेनवर बंदी घातली ती २०१४ मध्ये.

डिसेंबर २००२ मध्ये घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या बाझल या आंतरराष्ट्रीय कराराच्या छत्राखाली दहा हँडसेट उत्पादकांनी निकामी फोनच्या व्यवस्थापनासाठी सहकार्याची घोषणा केली. भारतात पहिले ई-कचरा नियम २०१२ पासून लागू झाले, सध्याचे १ एप्रिल २०२३ पासून. त्यांनुसार शिसे, पारा, षट्‌संयुजी क्रोमियम व दोन प्रकारचे ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक प्रत्येकी ०.१ टक्क्यापर्यंत, तर कॅडमियम ०.०१ टक्क्यापर्यंतच चालते. वस्तूचे सरासरी आयुर्मान धरून, तितक्या वर्षांपूर्वी बाजारात आणलेल्या मालापैकी ठरावीक हिश्श्याचे पुनर्चक्रण उत्पादकाने करवून घ्यायचे; पहिली दोन वर्षे हा हिस्सा ६० टक्के होता. २०२५-२६ पासून हे प्रमाण ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. मात्र हे लक्ष्य पूर्ण केल्याचे दाखवण्यासाठी उत्पादकाला लागणारी पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम या चार धातूंच्या वजनावर मिळतात. ज्यांच्या खाणींनी मोठी नासाडी केली त्या टँटलम (सूक्ष्म कपॅसिटरमधील धातू) किंवा विरल मृदा धातूंना (स्पीकरच्या चुंबकांत वापरले जाणारे) या हिशेबात जागा नाही, ही मोठी उणीव आहे.

रचनेचे दोष दुरुस्तीच्या टेबलावर उघडे पडतात. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीसारख्या बाजारात कारागीर हीट गनने पाठ उचलतात, चिकटवलेली बॅटरी जपून सोडवतात, हलणारा चार्जिंग जॅक बदलतात. डिस्प्लेच्या ‘फोल्डर’ची (काच व पडदा मिळून होणाऱ्या जोडभागाची) किंमत जुन्या फोनच्या बाजारभावाला भिडली, की बोर्ड शाबूत असूनही फोन भंगारात जातो. काही कंपन्या सुटे भाग सॉफ्टवेअरने बांधून ठेवतात. मग अस्सल भाग बसवूनही काही सुविधा चालत नाहीत. हा निर्णय कारखान्यात झालेला असतो, त्याचे खापर ग्राहकाच्या हौसेवर फोडणे अन्यायाचे आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नव्या मॉडेलांसाठी सात वर्षे सुटे भाग आणि ८०० वेळा चार्ज केल्यावरही ८० टक्के क्षमता टिकवणारी बॅटरी बंधनकारक केली. भारतात २०२२ अखेर ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू झाले, पण तशी सक्ती त्यातून आलेली नाही.

पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते आणि ‘व्ही कलेक्ट’ उपक्रमातून ई-कचराही गोळा करते. फुगलेली बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकू नये; दाबली गेल्यास ती पेट घेते आणि तेव्हा ती वर्गीकरण करणाऱ्या बाईच्या हातात असू शकते. पाषाण रस्त्यावरील सी-मेट या इलेक्ट्रॉनिक्स साहित्याच्या सरकारी संशोधन संस्थेत लिथियम-आयन बॅटरीच्या साहित्यावर संशोधन चालते. रांजणगावात ४९२.८५ कोटी रुपये खर्चाच्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहाला केंद्र सरकारने २०२२ मध्ये मंजुरी दिली. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे सामायिक केंद्र त्याच औद्योगिक क्षेत्रात आहे.