हेडलाइटमधले हरवलेले दीड व्होल्ट

परवा पार्किंगमध्ये शेजारच्या मुलाने नवे एलईडी बल्ब आणून दाखवले. खोक्यावर छापलं होतं, 20000 ल्युमेन (उजेडाचं माप), 6000 केल्विन. "काका, हे जुने पिवळे दिवे काढून टाकतो. घाटात काही म्हणजे काही दिसत नाही." तक्रार खरी होती. दहा-बारा वर्षं जुनी गाडी चालवणारे बहुतेक जण ती करतात. मी त्याला म्हटलं, बल्ब जरा बाजूला ठेव, वरून मल्टिमीटर घेऊन येतो.

गाडीत काही ना काही बदल करत राहायचा नाद मला पंचवीस वर्षांपासून आहे. अलॉय, सीट कव्हर, स्पीकर, सगळं करून झालं. पण माझी सगळ्यात लाडकी सुधारणा बाहेरून दिसतसुद्धा नाही.

इंजिन चालू केलं, दिवे डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर लावले. बॅटरीच्या टर्मिनलवर मीटरने 14.0 व्होल्ट दाखवले. मग हेडलाइटमागची रबरी टोपी सारून बल्बच्या होल्डरवर प्रोब टेकवले, तर 12.4. मधले 1.6 व्होल्ट वाटेतच गेले होते.

वाट लांबची आहे. वीज बॅटरीतून फ्यूजकडे, तिथून डॅशबोर्डखालून स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये, मग पुन्हा पुढे बल्बपर्यंत आणि शेवटी बॉडी अर्थला, म्हणजे परतीची वाट असलेल्या गाडीच्या पत्र्याला जाते. वायर बारीक, स्विचचे संपर्क काळवंडलेले, अर्थच्या नटाखाली गंज. या सगळ्याचा रोध मिळून एका ओहमच्या सहाव्या भागाइतकाच. पण दोन्ही बल्ब मिळून सुमारे 10 अँपिअर ओढतात. ओहमचा नियम लावला की 0.16 गुणिले 10, म्हणजे 1.6 व्होल्ट. 16 वॉट नुसती वायर आणि स्विच तापवण्यात जातात. रात्रीच्या लांब प्रवासात काही गाड्यांच्या स्विचची दांडी कोमट लागते ती यामुळेच.

आता खरी गंमत. 14 मधले 1.6 गेले म्हणजे साधारण 11 टक्के. मग उजेडही 11 टक्क्यांनीच कमी व्हायला हवा ना? प्रत्यक्षात जवळपास एक तृतीयांश उजेड गेलेला असतो. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो.

हा 3.4 येतो कुठून? टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो, थंडावली की कमी होतो. म्हणून व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटलं तर शक्ती वर्गाच्या हिशेबाने 19 टक्के घटायला हवी, ती 15 टक्क्यांच्या आसपासच घटते. तापलेली वस्तू जेवढी ऊर्जा बाहेर टाकते ती तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. त्यामुळे शक्ती 15 टक्के घटली तरी तापमान फक्त 4 टक्के उतरतं, समजा 3100 केल्विनवरून 2970 वर. एवढ्याशा फरकाने काय होतं? खूप काही होतं. 3100 केल्विनला बाहेर पडणाऱ्या प्रारणाचा आलेख डोंगरासारखा असतो, त्याचा कळस 0.93 मायक्रॉन तरंगलांबीवर असतो आणि आपला डोळा जेमतेम 0.7 पर्यंत पाहतो. म्हणजे बल्बची बहुतेक ऊर्जा अवरक्त उष्णता बनून निघून जाते, डोळ्याच्या वाट्याला त्या डोंगराचा एका बाजूचा उतार येतो. तापमान जरा उतरलं की अख्खा डोंगर आणखी अवरक्ताकडे सरकतो आणि उतारावरचा आपला वाटा झपाट्याने आटतो. उजेड कमीही होतो आणि पिवळाही पडतो, ते एकाच कारणाने.

उपाय म्हणजे रिले. शाळेत खिळ्याला तार गुंडाळून केलेला विद्युतचुंबक, तोच हा, फक्त इथे तो एक दणकट स्विच ओढून जोडतो. जुन्या वायरमधून आता रिलेच्या कॉइलपुरता अगदी थोडा प्रवाह जातो. रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरीतून थेट जाड वायर, मध्ये बॅटरीजवळच फ्यूज, आणि 87 नंबरच्या पिनवरून बल्बला. हे जोडून पुन्हा मोजलं तर होल्डरवर 13.7. उजेड सुमारे 40 टक्क्यांनी वाढला, बल्ब तेच. याची किंमतही सांगायला हवी. फिलामेंटचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण 13 व्या घाताने कमी होतं, त्यामुळे असा बल्ब लवकर बदलावा लागतो. नवा बसवताना काचेला बोट लावू नका. बोटावरचे क्षार आणि तेल तापलेल्या क्वार्ट्झला त्या जागी कमकुवत करतात.

आणि ते 20000 ल्युमेन? चांगला एच-4, म्हणजे डिपर आणि अप्पर दोन्हींच्या तारा असलेला हॅलोजन बल्ब, डिपरवर 1000 आणि अप्परवर 1650 ल्युमेन देतो, त्यामुळे खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. खोक्यावरचा केल्विन हा तर रंगाचा आकडा आहे, उजेडाचा नाहीच. 1971 साली आलेल्या एच-4 मध्ये अप्परची तार परावर्तकाच्या नाभीवर असते, डिपरची थोडी पुढे, आणि डिपरच्या खाली एक छोटी धातूची वाटी असते. डिपरच्या तारेचे परावर्तकाच्या वरच्या भागावर आदळलेले किरण रस्त्याकडे झुकतात. जे खालच्या अर्ध्या भागावर पडले असते तर वर उसळून समोरच्याच्या डोळ्यात गेले असते, त्यांना ती वाटी अडवते. एलईडीत तारेच्या जागी चिपा आल्या आणि त्या मिलिमीटरभर जरी सरकल्या तरी ही मांडणी बिघडते. शंभर वॉटचे बल्बही नकोत, होल्डर वितळतात. मूळ रचनेत फेरफार करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा कडक अर्थ लावला आहे.

वरंध घाटातल्या एका वळणावर पांढरी आकृती दिसते, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. कुणी बंपरला लिंबू-मिरची बांधतं, कुणी वळणाआधी नारळ फोडतं. समोरच्या दिव्यांच्या झगमगाटाने डोळ्यातलं ऱ्होडॉप्सिन, म्हणजे अंधारात पाहायला लागणारं द्रव्य, उडालं की ते पूर्ण भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि तोवर अंधारात काहीही दिसल्याचा भास होऊ शकतो. त्या नारळाच्या पैशात रिले येत नसेल, पण चांगली वायर नक्की येते.

संध्याकाळी आम्ही दोघांनी गाडी कंपाउंडच्या भिंतीपासून 10 मीटरवर उभी केली. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली आणि मागचा स्क्रू फिरवत उजेडाची कड त्या रेषेच्या 10 सेंटिमीटर खाली आणली. उजवीकडे ती सरळ आडवी राहिली, डावीकडे पदपथाच्या बाजूला वर चढत गेली. मग त्याने हौस म्हणून एका बाजूला नवा एलईडी लावून पाहिला. त्या बाजूची कडच गायब झाली, भिंतीवर नुसता पांढरा धुरळा. त्याने बल्ब काढला आणि खोक्यात परत ठेवला.